अस्तरावरची खडूची खूण

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे. ग्लेनगॅरी म्हणतात मला. किल्ट, म्हणजे चुणीदार लोकरी घागरा, नेसून बॅगपाइप वाजवणारे लोक मला डोक्यावर घालतात. माथ्यावर लाल गोंडा, मागे मानेवर रुळणाऱ्या दोन काळ्या फिती आणि डाव्या अंगाला चांदीचा बिल्ला, असे माझे रूप आहे. घडी केली की मी पाकिटासारखी सपाट होते. लॉखमूर गावच्या बँडच्या खोलीत, कपाटाच्या तिसऱ्या फळीवर मी राहते. दर आठवड्याला तुम्ही पाइप शिकायला येता, माझ्यासमोर फुंकून फुंकून लाल होता आणि माझ्याकडे बघतही नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

परवा मात्र बँडचे कपडे सांभाळणाऱ्या मोरॅगने मला बाहेर काढले, उलटी केली आणि नाक मुरडले. "आतून पांढरी पडली आहे बघा. बुरशी असणार. शनिवारी साबणाच्या पाण्यात टाकते हिला." मोरॅग चांगली बाई आहे, कसरीपासून तिनेच मला वाचवले. पण ती बुरशी नाही. म्हणून मी आज बोलते आहे. शनिवार उजाडायच्या आत माझी गोष्ट तुम्हाला सांगून झाली पाहिजे.

माझा जन्म स्ट्युअर्टन गावचा. त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या टोप्याच होतात. बायांनी मला लोकरीची विणली तेव्हा मी बादलीएवढी होते. मग मला गरम पाण्यात बुडवून, साबण लावून, आटून निम्मी होईपर्यंत धोपटले. गडद निळ्या रंगात बुचकळले, लाकडी साच्यावर ताणून वाळवले आणि शेवटी काटेरी बोंडांनी अंगभर घासले. जन्माआधीच इतका मार खाल्ला की पुढे पाऊसपाण्याचे काही वाटत नाही. लोकर घट्ट बसली की पाणीही वरच्या वर घसरून जाते.

लॉखमूरला मी आले ती खाणीच्या बँडसाठी. या गावात तेव्हा कोळशाची खाण होती, आणि घरे, दुकान, दिवे सगळे खाणीच्या मालकीचे होते. बँड तेवढा कामगारांचा होता. त्याचे म्होरके होते हेक्टर बेथ्यून. ताठ, दाढीवाला, नियमाला पक्का माणूस. बँडची टोपी ज्याला मिळे, त्याचे नाव ते स्वतः दौतीत टाक बुडवून टोपीच्या अस्तरावर लिहीत. नाव लिहिलेले असेल तरच ती टोपी त्या माणसाची, आणि तो माणूस बँडचा. त्यात वादाला जागा नव्हती.

माझ्या अस्तरावर पहिले नाव पडले टॅम पेट्रीचे. टॅम मला घालून आरशासमोर उभा राहिला तेव्हा हेक्टर मागून ओरडले, "सरळ काय घालतोस? टपाल वाटायला निघालास का? उजवीकडे झुकव. भुवईच्या वर दोन बोटं. बिल्ला डाव्या कानशिलावर. आणि किल्ट खाली ओढ जरा, काठ गुडघ्याच्या मधोमध आला पाहिजे. बायको हसेल नाहीतर."

"ती आत्ताच हसतीये," टॅम म्हणाला.

ती म्हणजे एफी, त्याची बायको. ती खरेच हसत होती. पण पुढची पंचवीस वर्षे त्या किल्टच्या चुण्या तिनेच सांभाळल्या. कार्यक्रम झाला की ती प्रत्येक चुणीला कच्चा टाका घालायची, मगच किल्ट पेटीत ठेवायची. मला ती दाराजवळच्या खुंटीवर लावायची आणि दर रविवारी ब्रश फिरवायची. टॅमच्या छातीत कोळशाची धूळ साचली, त्याला पाइपमध्ये हवा भरवेना. मग काही दिवसांनी त्याला स्वतःपुरतीही हवा पुरेनाशी झाली. तो गेल्यावर हेक्टर माझ्या अस्तरावर दुसरे नाव लिहून गेले. रॅनल्ड पेट्री. टॅम आणि एफीचा एकुलता एक मुलगा, वय एकोणीस.

रॅनल्डच्या डोक्यावर मी जे पाहिले ते सुखाचे दिवस होते. जत्रांमध्ये स्पर्धा व्हायच्या, हिरवळीवर गोल करून बँड उभे राहायचे, माझ्या फिती वाऱ्यावर उडायच्या आणि लोक म्हणायचे, "तो पेट्रीचा पोरगा बघा, बापापेक्षा सरस वाजवतो." टोपीला कोणी शाबासकी देत नाही, पण डोक्याला मिळालेली थोडी टोपीत उतरतेच.

त्याच सुमारास एफीने घरात एक भाडेकरू ठेवला. फेलिम बॉइल, आयर्लंडहून आलेला, जमेल तसा पाइप फुंकणारा खाणकामगार. रॅनल्ड आणि तो खाणीत एकाच जागी कोळसा खणायचे. त्याने आपली मऊ, गोल, पिसाची आयरिश टोपी माझ्या शेजारच्या खुंटीवर लावली. सणाच्या दिवशी हळदी रंगाचा किल्ट नेसून आणि ती टोपी डावीकडे पाडून तो बाहेर पडला, तर हेक्टरना राहवले नाही.

"काय रे, झोपेतून उठून आलास का? टोपी उलट्या बाजूला पडलीये."

"आमच्याकडे डावीकडेच पाडतात, हेक्टर. तुमच्याकडे उजवीकडे. सरळ कोणीच घालत नाही, म्हणून तर जगाचं हे असं आहे," फेलिम म्हणाला. एफी चुलीपाशी हसून हसून वाकली होती. त्या घरातले ते शेवटचे मोठे हसू, म्हणून माझ्या लक्षात राहिले.

आता खडूचे सांगते. खाणीत एक पेटणारा वायू साचतो. कामगार आत जाण्याआधी एक तपासनीस दिवा घेऊन प्रत्येक बोगद्याच्या टोकापर्यंत चालत जातो. दिव्याची ज्योत निळी पडली तर वायू आहे, नाही पडली तर जागा ठीक. ठीक असेल तर त्याने अगदी टोकाला, जिथे कोळसा खणतात तिथे, खडूने आपली अक्षरे आणि तारीख लिहायची. ती खूण बघितली की कामगार निर्धास्त कामाला लागतात. रॅनल्डच्या बोगद्याचा तपासनीस होता वॉल्टर पेट्री, टॅमचा धाकटा भाऊ. घरात त्याला वॅटी म्हणत. रॅनल्डचा सख्खा काका.

त्या बोगद्यात एका वळणानंतर गुडघाभर पाणी साचायचे. पुढे टोकापर्यंत ऐंशी पावले त्याच पाण्यातून जावे लागे. वॅटीचे गुडघे धरलेले होते. कधीतरी एका सकाळी त्याने वळणावरच्या लाकडी खांबावर खूण केली आणि परत फिरला. काही झाले नाही. मग रोज तिथेच खूण होऊ लागली. कामगारांना हे दिसत होते, पण माणूस आपला, बोगदा आपला, आणि वीस वर्षांत तिथे कधी वायू निघाला नव्हता. कोणी काही बोलले नाही. रॅनल्डही नाही.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी फेलिमच्या हाताला पट्टी होती, म्हणून तो घरी राहिला. सकाळी नऊच्या सुमारास खुंटीवर मी थरथरले. कपाटातल्या बशा वाजल्या. एफीच्या हातातले पीठ तसेच राहिले, आणि ती दाराबाहेर धावली. खाणीत वायू पेटला होता, आणि त्या बोगद्यात सात माणसे होती. फेलिम पट्टी बांधलेल्या हातानेच शोधायला खाली उतरला. शनिवारी दुपारी त्यांनी सातही जणांना वर आणले. रॅनल्डला त्याच्या मोज्यांवरून ओळखले. टाच एफीने वेगळ्या रंगाच्या लोकरीने दुरुस्त केली होती.

फेलिम घरी आला तो खुर्चीवर बसलाच नाही. काळ्या कपड्यांनी दारातच उभा राहिला.

"एफी, तुला एक सांगायचंय. खांबावर खूण आहे. गुरुवारची तारीख आहे, वॅटीची अक्षरं आहेत. वळणावर. टोकाला काहीच नाही."

"तो आत गेलाच नव्हता?"

"कित्येक महिने गेला नव्हता. आम्हाला माहीत होतं, एफी. मला माहीत होतं. आम्ही ती खूण बघायचो आणि पुढे जायचो." मग तो खाली बसला. "मला दोरी देऊ नकोस. माझी लायकी नाही."

दोरीचे तुम्हाला सांगायला हवे, कारण आता शवपेटी दोरीने सोडायची पद्धत तितकी राहिली नाही. शवपेटीला काळ्या दोऱ्या बांधतात आणि जवळची माणसे त्या दोऱ्या धरून पेटी खाली सोडतात. कोणी कोणती दोरी धरायची याची नंबर घातलेली कार्डे घरोघर जातात. पहिली दोरी डोक्याकडची. ती सगळ्यांत जवळच्या पुरुषाची, बापाची किंवा मुलाची, आणि ते नसतील तर काकाची. बायका कबरीपर्यंत जातच नाहीत. पडदे ओढून घरी बसतात आणि परतणाऱ्यांसाठी रस्सा उकळत ठेवतात.

रविवारी एफी टेबलाशी कार्डे लिहायला बसली. दुसऱ्या कार्डावर, म्हणजे पायाकडच्या दोरीवर, तिने फेलिमचे नाव घातले. तो नको म्हणाला तर म्हणाली, "तू कबूल केलंस ना? मग धर." पहिले कार्ड तिने कोरे ठेवले.

संध्याकाळच्या चहाच्या वेळी वॅटी आला. तीन दिवसांत तो म्हातारा झाला होता. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "एफी, कार्ड नाही आलं माझं."

"नाही आलं."

"मी त्याचा काका आहे. टॅम नाही, मग डोक्याकडची दोरी माझीच आहे. गाव काय म्हणेल?"

"गावाचं राहू दे. मला एकच सांग. गुरुवारी टोकापर्यंत गेला होतास का?"

वॅटी चुलीकडे बघत राहिला. मला खुंटीवरून त्याची मान दिसत होती. त्या मानेकडे बघून मलाही वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

"तपासणीच्या वहीत तसं लिहिलंय," तो म्हणाला.

"वहीचं नाही विचारलं."

"पाणी होतं एफी. गुडघे... आणि वर मॅनेजर बोंबलत होता, माणसं उशिरा उतरतात म्हणून. वीस वर्षांत तिथे कधी..."

"चौकशीत हे असंच सांगशील? या तोंडाने? सांगणार असशील तर हे घे कार्ड, आत्ता नाव लिहिते. माझ्या लेकाचं डोकं तू खाली सोड, मी काही बोलणार नाही."

वॅटीने कार्डाकडे पाहिले. "घर जाईल माझं," तो हळूच म्हणाला. "घर त्यांचं आहे. पोरींना घेऊन कुठं जाऊ?"

"माझंही त्यांचंच आहे. पोर तेवढं माझं होतं," एफी म्हणाली. तो गेला तेव्हा दार नीट लागलेही नाही.

सोमवारी सकाळी हेक्टर किल्ट नेसून, पूर्ण पोशाखात मला न्यायला आले. बँडचा माणूस गेला की त्याची टोपी पेटीवर ठेवतात आणि नंतर ती बँडकडे परत जाते. त्यांनी टेबलावरचे कोरे कार्ड पाहिले.

"पहिली दोरी कोणाची?"

"माझी," एफी म्हणाली.

हेक्टरनी दाढीवरून हात फिरवला. "बाईमाणूस कबरीपाशी जात नाही, एफी. मी नियम केलेला नाही. माझ्या आईच्या वेळी माझ्या बहिणीसुद्धा घरी बसल्या."

"नऊ महिने मी वाहिला त्याला. शेवटचे चार हात खाली मी नेणार नाही तर कोण नेणार? ज्यानं खोटी खूण केली तो?"

"पाद्री फाटकातून परत पाठवतील तुला. मलाच पाठवायला सांगतील. बँडची माणसं तेवढी..." हेक्टर तिथेच थांबले. मग त्यांनी मला खुंटीवरून काढले, उलटी करून टेबलावर ठेवली, आणि कार्डे लिहायची दौत पुढे ओढली. रॅनल्ड पेट्रीच्या खाली त्यांनी तिसरे नाव लिहिले. एफी पेट्री. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

"पाइप वाजवता येतो का, असं कोणी विचारलं तर?" फेलिमने विचारले.

"तू वाजवतोस त्याला वाजवणं म्हणायचं असेल तर हिलाही येतं," हेक्टर म्हणाले. मग एफीकडे वळून हलकेच म्हणाले, "उजवीकडे झुकव. भुवईच्या वर दोन बोटं."

एफी हसली नाही. पण तिने मला तशीच घातली, पांढऱ्या केसांवर, काळ्या कोटावर. टॅमला सैल व्हायचे, रॅनल्डला घट्ट. तिला मी नेमकी बसले.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पडदे ओढलेले होते, पण पडद्यांच्या फटींतून बायका बघत होत्या हे मला कळत होते. पुढे पाइप, मागे पेटी, आणि पेटीमागे ती एकटी बाई पुरुषांत. फाटकापाशी पाद्री पुढे झाले आणि त्यांनी हात आडवा धरला. हेक्टर पाइप खांद्यावरून न उतरवताच म्हणाले, "बँडची माणसं आहेत. टोपी बघा आणि वाट द्या." पाद्रींनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि बाजूला झाले.

पेटी खाली सोडायच्या वेळी सगळे पुरुष टोप्या काढतात. एफीनेही काढली. दोन्ही हात दोरीला हवेत म्हणून तिने माझी घडी केली आणि कोटाच्या आत, छातीशी ठेवली. त्यामुळे मित्रांनो, मला काहीही दिसले नाही. मला फक्त ऐकू आले. हातांच्या कातडीवरून दोरी सरकल्याचा आवाज, फेलिमचे नाक ओढणे, आणि एक बारीकसा धप्प आवाज. पाऊस नव्हता, तरी मी ओली झाले. घट्ट लोकर पाणी आत घेत नाही असे मी मघाशी म्हणाले. ते पाणी मात्र आत गेले.

घरी परतताना तिने मला पुन्हा डोक्यावर घातले. वॅटी दफनभूमीच्या भिंतीबाहेर बोडका उभा होता. ती त्याच्या जवळून पुढे निघून गेली.

तीन आठवड्यांनी चौकशी झाली. फेलिमने खांबावरच्या खुणेचे सांगितले. साहेब लोक खाली जाऊन आले, तर वळणावर नवा कोरा खांब उभा होता. जुना कोणी काढला, कुठे गेला, कोणालाच ठाऊक नव्हते. बाकीचे कामगार मूग गिळून बसले. घरे कोणाची होती ते मी सांगितलेच आहे. वॅटीने शपथेवर सांगितले की तो टोकापर्यंत गेला होता. निकाल लागला की दोष कोणाचाच नाही. फेलिमला दुसऱ्या दिवशी कामावरून काढले, आणि तो आपली डावीकडे पडणारी टोपी घेऊन समुद्रापार निघून गेला. माझ्या शेजारची खुंटी रिकामी झाली.

त्यानंतरच्या रविवारी वॅटी आला. बसला नाही. खिशातून खडूचा तुकडा काढून त्याने टेबलावर ठेवला.

"मी गेलो नव्हतो, एफी."

एफी माझ्यावर ब्रश फिरवत होती. तिने ब्रश थांबवला नाही. "इथं सांगून काय उपयोग, वॅटी? इथं आम्हाला माहीत आहे."

खडू तिथेच ठेवून तो गेला. त्यानंतर त्याने त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. तपासनिसाचे काम सोडून तो पुन्हा साधा कामगार झाला, आणि रोज वळणापुढच्या त्या पाण्यातून टोकापर्यंत चालत जायचा असे लोक सांगत. कोणी सांगितले नव्हते तरी.

एफीने तो खडू माझ्या घडीत ठेवला, बरोबर तीन नावांच्या खाली. हेक्टरनी मला कधी परत मागितले नाही. ती होती तोवर दर रविवारी मला बाहेरून ब्रश करायची आणि आतून तशीच ठेवायची. तिच्यामागे मी बँडच्या कपाटात आले. खाण बंद झाली, खाणीच्या तोंडावरचा चाकांचा उंच मनोरा पाडला, आणि नव्या लोकांनी नव्या टोप्या आणल्या. काही वर्षे मी पेटीच्या तळाशी उंदरांच्या संगतीत काढली. खडूचा हळूहळू भुगा झाला. अस्तरावर पांढरा डाग तेवढा उरला.

मित्रांनो, चौकशीचा कागद कुठल्यातरी कपाटात असेलच. त्यात लिहिले आहे की वॉल्टर पेट्री टोकापर्यंत गेला होता. तो गेला नव्हता हे त्याने एकदाच तोंडाने सांगितले. ऐकणारी एफी होती आणि मी होते. आता मीच उरले आहे.

म्हणून एवढेच मागणे आहे. माझ्या फिती उसवल्या असतील तर शिवा. गोंडा सैल झाला आहे, त्याला दोन टाके घाला. डोक्यावर घालाल तेव्हा उजवीकडे झुकवा, भुवईच्या वर दोन बोटे. मोठे व्हाल, कामाला लागाल, तेव्हा तुमच्याही हातात कधीतरी खडू येईल. त्या दिवशी पाणी गुडघाभर असले तरी टोकापर्यंत चालत जा, आणि मगच खूण करा. आणि मोरॅग शनिवारी साबणाचे पाणी घेऊन आली, तर तिला सांगा की बाहेरून हवे तेवढे घास, आतला डाग मात्र धुऊ नकोस.